दहावीला कुठलं मंडळ, त्याआधी कुठली शाळा? विशेष गरजा असलेल्या मुलांची शाळानिवड

खडूफळा
डिसेंबर उजाडला की पालकांचे तेच प्रश्न सुरू होतात: मंडळ बदलायचं का, विशेष शाळेत घालायचं का, एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त विद्यालय, नेहमीच्या शाळेत न जाता दहावी देता येणारं मंडळ) करायचं का. एकच उत्तर सगळ्यांना लागू होत नाही, म्हणून दोन मुलं डोळ्यांसमोर ठेवून बोलू या. नावं-गावं अर्थातच बदलली आहेत.

एक: मुलगी, वय ९, चौथी, सीबीएसई, इंग्रजी माध्यम, पुणे. तोंडी उत्तरं चोख, पण वाचन दुसरीच्या पातळीचं. फळ्यावरचं उतरवताना ओळी गळतात. शाळेने खासगी मानसशास्त्रज्ञाकडून डिस्लेक्सियाचा (वाचन-लेखनातल्या अक्षमतेचा) रिपोर्ट करून घ्यायला लावला आणि आता "तुम्ही एनआयओएसचं बघा" म्हणते आहे.

दोन: मुलगा, वय १३, सातवी, तालुक्याच्या गावातली जिल्हा परिषद शाळा. बुद्ध्यांक ५८. जोडाक्षर नसलेले शब्द वाचतो, हातच्याची बेरीज येत नाही, पण दुकानातून सांगितलेलं सामान बरोबर आणतो. घरच्यांना जिल्ह्याच्या ठिकाणची निवासी विशेष शाळा सुचवली गेली आहे.

माझं मत आधीच सांगते. मंडळाची तुलना सगळ्यात शेवटी करावी. आधी मुलाला रोज शाळेत नेमकी कोणती मदत लागते ते लिहून काढावं, मग दहावीनंतरची वाट बघावी, आणि त्यावरून मागे येत शाळा ठरवावी. तुम्ही काय म्हणता?

वाटसरू
पहिल्या मुलीसाठी एनआयओएस हे उत्तरच नाही. एनआयओएसच्या दहावीला किमान वय १४ लागतं. चौथीतल्या मुलीला तिथे दहावीसाठी नोंदवताच येत नाही. "एनआयओएस शाळा" म्हणून जे चालतं ते बहुतेक ठिकाणी क्लास असतात. मधली चार-पाच वर्षं मूल कुठल्याही मान्यताप्राप्त शाळेच्या पटावर नसतं.

दशमान
वाटसरू, बाकी पटलं, एक भर घाला. एनआयओएसचा मुक्त मूलभूत शिक्षण कार्यक्रम आहे. त्याचे अ, ब, क स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी, आठवीच्या समकक्ष. म्हणजे दहावीच्या खाली काहीच नाही असं नाही. पण ज्या मुलीला फक्त वाचनात अडचण आहे तिला चौथीत शाळेबाहेर काढायला हे कारण होऊ शकत नाही.

रानजाई
शाळेला मुळात असं म्हणायचा अधिकारच नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. पाचवी-आठवीला नापास करण्याची तरतूद २०१९च्या दुरुस्तीने आली, काढून टाकण्याची नाही. त्यावर दिव्यांग हक्क कायदा २०१६ आहेच.

पालकांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. "आम्ही स्वेच्छेने दाखला घेत आहोत" असा अर्ज शाळा लिहून मागते, तो देऊ नये. शाळा तोंडी दबाव आणते आणि कागदावर मात्र पालकांनीच मूल काढलेलं दिसतं. शाळेने तोंडी जे सांगितलं ते त्याच दिवशी मेलवर लिहून पाठवा: "आज अमुक वाजता झालेल्या बैठकीत आपण असं सुचवलंत, त्याचा आधार लेखी कळवावा." बहुतेक वेळा विषय इथेच मऊ होतो.

चिंचगूळ
रानजाईताई, हा प्रतिसाद प्रिंट काढून शाळेच्या गेटवर लावावा असा आहे. +१

पाटीपुस्तक
खासगी रिपोर्टबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त वर्षं तिथेच वाया जातात.

खासगी मानसशास्त्रज्ञाचा रिपोर्ट शिकवणी ठरवायला उपयोगी पडतो. दहावीच्या सवलतींसाठी शासकीय यंत्रणेचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत सायन, केईएम, नायर, पुण्यात ससून आणि इतर ठिकाणी जिल्हा रुग्णालय. अध्ययन अक्षमतेचं (डिस्लेक्सिया त्यातलाच एक प्रकार) प्रमाणपत्र वय ८ पूर्ण झाल्यावर मिळतं. २०१८च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत ८, १४ आणि १८ अशा वयांना तपासणी सांगितली आहे. म्हणजे नवव्या वर्षी काढलेल्या कागदावर दहावी निघेल असं गृहीत धरू नका, चौदाव्या वर्षी परत जावं लागेल.

तपासणी एका दिवसात होत नाही. आधी डोळे आणि कान, मग बालरोगतज्ज्ञ, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताची चाचणी. सोबत काय न्यावं: शाळेचं पत्र, मागच्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि मुलाच्या वह्या. वह्या नीटनेटक्या केलेल्या नकोत, वर्गातल्या मूळ वह्या. आईने घरी पुन्हा लिहून घेतलेली वही बघून तपासणाऱ्याला काहीच कळत नाही. शाळेच्या पत्रातही "अभ्यासात मागे" एवढंच असून भागत नाही. "वाचताना ओळ सोडतो, ब-द उलटे लिहितो, तोंडी विचारल्यास उत्तर बरोबर" असं निरीक्षण हवं.

मराठी माध्यमाच्या मुलांना एक अडचण येते. चाचणी इंग्रजीतून झाली तर "इंग्रजी कच्चं" आणि "अक्षमता" यांत गल्लत होते. मूल ज्या माध्यमात शिकतं त्या भाषेत वाचन तपासा, असं नोंदणीच्या वेळीच सांगावं.

दशमान
आता मंडळं. फक्त सवलतींच्या बाजूने बघू या.

राज्य मंडळ: दर तासाला २० मिनिटं जादा वेळ, लेखनिक (खालच्या इयत्तेतला), वाचक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, आकृत्या-नकाशांतून सूट, भाषेतून सूट घेऊन त्याऐवजी कार्यानुभव, गणिताऐवजी सातवीचं अंकगणित आणि कार्यानुभव, शिवाय उत्तीर्ण होण्यासाठी २० वाढीव गुण. कुठल्या प्रवर्गाला यातलं काय लागू, ते त्या वर्षीच्या परिपत्रकात बघायचं. प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. राज्यात अशी नऊ विभागीय मंडळं आहेत.

सीबीएसई: तीन तासांच्या पेपरला एक तास जादा. तिसऱ्या भाषेतून सूट. दहावीला एक सक्तीची भाषा आणि इतर चार विषय घेता येतात, त्यात चित्रकला, संगीत, गृहविज्ञान वगैरे येतं. पण नववीत मंडळाकडे नोंदणी होते तेव्हाच विषय ठरतात. दहावीच्या जानेवारीत जाग आली तर काही होत नाही.

एनआयओएस: पाच विषय, त्यात किमान एक भाषा, जास्तीत जास्त दोन. पाच वर्षांत नऊ संधी. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, त्याशिवाय मागणीनुसार परीक्षा. दुसऱ्या मान्यताप्राप्त मंडळात उत्तीर्ण झालेल्या जास्तीत जास्त दोन विषयांचे गुण हस्तांतरित होतात. घरून करायच्या लेखी कामाला २० टक्के.

सवलतींची यादी लांब म्हणून मंडळ चांगलं, असं मात्र ठरवू नका.

सांजवेळ
शेवटच्या वाक्याला ठळक करायला हवं. गणित सोडण्याचा निर्णय सगळ्यात महाग पडतो. सातवीचं अंकगणित घेऊन दहावी झाली की अकरावीला गणित घेता येत नाही. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियनसारख्या अनेक अभियांत्रिकी व्यवसायांना विज्ञान आणि गणितासह दहावी लागते. हाताने काम छान करणाऱ्या मुलाचं गणित काढून घेतो आणि मग त्याच्या हाताला योग्य असलेली वाटच बंद होते.

आधी जादा वेळ, वाचक, कॅल्क्युलेटर एवढ्या सवलती देऊन आठवी-नववीच्या दोन सराव परीक्षा घ्या. कित्येकदा मूल गणितात अडकलेलं नसतं, शाब्दिक उदाहरण वाचण्यात अडकलेलं असतं. उदाहरण वाचून दाखवा आणि गुण बघा. वाचून दाखवल्यावर गुण दुप्पट झाले तर त्याला वाचक हवा, गणितातून सूट नको. खरंच संख्येचीच अडचण असेल तर सूट घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

तालुक्याचा गुरुजी
पहिल्या मुलीवरच चर्चा चालली आहे, साहजिक आहे, शहरातले पालक जास्त विचारतात. दुसऱ्या मुलाकडे येतो.

बुद्ध्यांक ५८ म्हणजे सौम्य बौद्धिक अक्षमता. प्रमाणपत्रावर साधारण ५० टक्के येतं, म्हणजे ४० टक्क्यांची लक्षणीय दिव्यांगत्वाची अट पूर्ण होते. पहिलं काम जिल्हा रुग्णालयातून युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. ऑनलाइन अर्ज, मग ठरलेल्या वारी रुग्णालयातल्या वैद्यकीय मंडळासमोर हजर राहायचं.

दुसरं काम गट साधन केंद्र. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून प्रत्येक तालुक्याला समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. पालकांना हे माहीतच नसतं. मुख्याध्यापकांकडून लेखी मागणी गेली की ते शाळेत येतात. वाहतूक भत्ता, मदतनीस भत्ता, दिव्यांग मुलींना महिना २०० रुपये प्रोत्साहन भत्ता, साहित्य-साधनं हे सगळं तिथूनच. भत्ता अडतो तो बहुतेक दोन कारणांनी: शाळेच्या ऑनलाइन नोंदीत मुलाचा दिव्यांग प्रकार भरलेला नसतो, किंवा बँक खातं आधारशी जोडलेलं नसतं. जूनमध्येच दोन्ही बघून घ्यावं.

निवासी शाळेबद्दल माझा स्पष्ट विरोध आहे. घर, दुकान, गल्ली, देऊळ हेच या मुलाचं शिकायचं ठिकाण आहे. सामान बरोबर आणतो असं खडूफळाताईंनीच लिहिलंय. त्याला तिथून उचलून वसतिगृहात ठेवल्यावर तो काय शिकणार?

मोगरा_नाशिक
गुरुजी, विशेष शाळेला एकदम मोडीत काढू नका. जिल्हा परिषदेच्या सातवीत तो मुलगा भूगोलाच्या तासाला काय करतो, तेही विचारा. मागच्या बाकावर बसून चित्र रंगवणं म्हणजे समावेशन नव्हे. चांगल्या विशेष शाळेत आठ मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षक असतो. पैसे, घड्याळ, बस, स्वच्छता यांचं रोजचं शिक्षण असतं आणि १८ नंतर कार्यशाळा जोडलेली असू शकते. जय वकील संस्थेने तयार केलेला दिशा अभ्यासक्रम राज्यातल्या विशेष शाळांमध्ये आला आहे. त्यामुळे पूर्वीसारखं "मोती ओवा आणि घरी जा" सगळीकडे उरलेलं नाही.

निवासी नको हे मान्य. पण रोज जा-ये करता येईल अशी विशेष शाळा असेल तर ती बघायलाच हवी.

बघायला गेल्यावर कार्यालयात बसू नका. डब्याच्या सुट्टीत जा. मुलं स्वतः डबा उघडतात का, हात कोण धुऊन देतं, सांडलेलं कोण पुसतं, ते बघा. पंधरा वर्षांच्या मुलाला मावशी भरवत असतील तर भिंतीवरचे तक्ते कितीही सुंदर असोत, तिथे स्वावलंबन शिकवलं जात नाही.

तालुक्याचा गुरुजी
मोगराताई, रंगवत बसण्याचा मुद्दा खरा आहे, नाकारत नाही. म्हणूनच लेखी आराखडा हवा. नुसता पटावर नाव असण्याला मीही समावेशन म्हणत नाही.

खडूफळा
आराखड्यावर कोणी सविस्तर लिहील का? बहुतेक शाळा एक छापील कागद देतात: "वाचन सुधारणे, एकाग्रता वाढवणे." सही करा आणि घरी जा.

रानजाई
लिहिते. आयईपीत (मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात) पाच गोष्टी नसतील तर सही करू नये: आज नेमकं काय येतं, वर्षअखेर काय यायला हवं, त्याआधीचे तिमाही टप्पे, कोण किती वेळ शिकवणार, आणि आलं की नाही हे कसं मोजणार.

"वाचन सुधारणे" याऐवजी असं लिहा: "सध्या दुसरीच्या पातळीचा अनोळखी उतारा मिनिटाला २५ शब्द, १० शब्दांमागे २ चुका. ऑक्टोबरअखेर त्याच पातळीचा अनोळखी उतारा मिनिटाला ४५ शब्द, १० शब्दांमागे १पेक्षा कमी चूक, सलग तीन वेळा. आठवड्यात चार दिवस ३० मिनिटं, रिसोर्स रूममध्ये, विशेष शिक्षिका. दर शुक्रवारी मोजणी, तक्ता पालकांना."

"अनोळखी" हा शब्द सोडू नका. धड्यातला उतारा मुलं पाठ म्हणतात आणि तक्ता उगाच वर जातो. रिसोर्स रूमचा (विशेष शिक्षिका मुलांना वेगळं शिकवते त्या खोलीतला) तास कुठल्या तासाऐवजी, हेही लिहून घ्या. खेळ किंवा चित्रकलेचा तास कापला तर मूल तिथे जायला कंटाळतं.

दुसरा भाग वर्गातल्या सोयींचा: फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी फोटो किंवा छापील टिपण, प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरात, अचानक मोठ्याने वाचायला उभं न करणं, तोंडी परीक्षा. या सोयी विषयशिक्षकांपर्यंत पोचल्याच नाहीत तर आराखडा फायलीत राहतो. म्हणून प्रत्येक विषयशिक्षकाची त्यावर सही घ्या.

परतीची_वाट
अमेरिकेतून परतणाऱ्या कुटुंबांसाठी: तिथला आयईपी संघीय कायद्याने बांधील असतो, ३ ते २१ वयापर्यंत, दर वर्षी आढावा आणि तीन वर्षांतून एकदा पुनर्मूल्यांकन. इथली शाळा तो कागद वाचेल, पण तो तिच्यावर बंधनकारक नाही. सवलतींसाठी इथलं प्रमाणपत्र नव्याने काढावं लागतं. तिथले सगळे मूल्यमापन अहवाल मात्र निघण्याआधी शाळेकडून मागून घ्या, तपासणीत उपयोगी पडतात.

लिंबूसरबत
जरा अवांतर. स्वमग्न मुलासाठी शाळा शॅडो टीचर (वर्गात मुलासोबत बसणारी मदतनीस) सक्तीची करते आणि तिचा पगार पालकांनी द्यायचा म्हणते. घ्यावी का?

मोगरा_नाशिक
प्रवेशाची अट म्हणून पालकांवर खर्च लादणं चूक आहे. दिव्यांग हक्क कायद्यात आवश्यक तो आधार पुरवणं ही संस्थेची जबाबदारी आहे. तरी घ्यायची वेळ आली तर पहिल्या दिवसापासून ती कमी करण्याची योजना ठेवा. शॅडोने मुलाच्या शेजारी न बसता मागे बसावं. शिक्षिकेची सूचना शॅडोने पुन्हा म्हणायची नाही, पाच-सात सेकंद थांबायचं, मग खूण, मग स्पर्श, सगळ्यात शेवटी शब्द. तासाला किती वेळा मदत करावी लागली त्याच्या रेघा वहीत ओढायच्या. तीन महिन्यांत रेघा कमी झाल्या नाहीत तर मूल वर्गशिक्षिकेचं ऐकायचं सोडून शॅडोचंच ऐकायला शिकतं आहे असं समजा.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांगता या चारांना राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंत. थेरपीचाही काही खर्च निघतो. नूतनीकरण दर वर्षी, तारीख चुकवू नका.

वाटसरू
शाळा निवडताना विचारायचे दोन प्रश्न राहिले. विशेष शिक्षिकेचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक काय, आणि त्या किती मुलांना बघतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं आहे. "आमच्याकडे समुपदेशक आहेत" हे त्याचं उत्तर नव्हे. समुपदेशक वाचन शिकवत नाहीत.

चिंचगूळ
शिक्षण हक्क कायद्याखालच्या पंचवीस टक्के राखीव प्रवेशात दिव्यांग मुलांना उत्पन्नाचा दाखला लागतो का?

रानजाई
नाही. दिव्यांग मूल वंचित घटकात येतं, तिथे उत्पन्नाची अट नाही. ४० टक्के किंवा त्याहून जास्तीचं प्रमाणपत्र लागतं. फी आठवीपर्यंतच माफ. नववीला पूर्ण फी आली की मूल ऐन वेळी शाळा बदलतं, त्याच वर्षी मंडळाची नोंदणी असते आणि सवलतींचे कागद दोन शाळांच्या मध्ये अडकतात. नववी-दहावीची फी परवडेल का, हे पहिलीत विचारायचं.

पाटीपुस्तक
४० टक्क्यांवरून एक गैरसमज दूर करतो. आरक्षणासाठी ४० टक्के लागतातच. लेखनिकासाठी तसं नाही. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा स्पष्ट केला आणि २०२२मध्ये केंद्राने ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असलेल्या, पण लिहायला अडचण येणाऱ्या परीक्षार्थींसाठी वेगळ्या सूचना काढल्या. प्रमाणपत्रावर ३० टक्के आले म्हणून फाईल कपाटात टाकू नका.

दशमान
मूळ दोन मुलांकडे येऊ या का? माझं मत:

मुलीने आहे त्याच शाळेत राहावं, या वर्षी शासकीय तपासणी, लेखी आयईपी, तिसऱ्या भाषेतून सूट. सहावीअखेर आढावा. शाळेने तोवर आराखडा पाळलाच नाही तर राज्य मंडळाच्या, रिसोर्स रूम असलेल्या शाळेत सातवीतच बदल, आठवीनंतर नको. एनआयओएसचा विचार नववीत, तोही सराव परीक्षांचे गुण बघून.

सांजवेळ
सहमत, फक्त सहावीपर्यंत थांबायला नको. रानजाईंचा तिमाही तक्ता दोनदा सपाट राहिला की समजायचं. वाचनाची सुरुवातीची वर्षं परत मिळत नाहीत.

तालुक्याचा गुरुजी
मुलासाठी: सातवी-आठवी गावातच, विशेष शिक्षकांची भेट आठवड्यातून ठरवून. भाषा-गणिताला त्याच्या पातळीचं काम, बाकी तास वर्गासोबत. राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची परीक्षा १० वर्षं पूर्ण झालेल्यांना आणि आठवीची १३ वर्षं पूर्ण झालेल्यांना देता येते, ते दार उघडं ठेवा. दहावीची घाई नको. गावातलं किराणा दुकान, रोपवाटिका, पिठाची गिरणी यांपैकी एका ठिकाणी शनिवारी दोन तास खरं काम. मोगराताईंच्या म्हणण्याप्रमाणे जा-ये करता येण्याजोगी विशेष शाळा आहे का तेही बघा, आठवीनंतर तिचा विचार करू.

मोगरा_नाशिक
गुरुजी, यावर जुळलं आपलं. एक भर: १८ झाल्यावर बँक, सही, मालमत्ता यांसाठी कायदेशीर पालकत्व लागू शकतं. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करायचा. सतराव्या वर्षीच कागद जमवायला घ्या.

खडूफळा
दोन्ही कुटुंबांना हा धागा पाठवते आहे. मुलीच्या शाळेने लेखी उत्तर दिलं नाही तर पुढे कुणाकडे जायचं?

रानजाई
जिल्हा शिक्षण कार्यालयात दिव्यांग मुलांच्या प्रवेशासाठी नोडल अधिकारी असतो, आधी त्यांच्याकडे. नंतर राज्य दिव्यांग आयुक्त. तक्रारीत भावना कमी आणि तारखा जास्त ठेवा: कधी काय मागितलं, शाळेने कधी काय सांगितलं, सोबत मेलची प्रत. मूल त्याच शाळेत रोज जाणार आहे, म्हणून वर्गशिक्षिकेचं नाव तक्रारीत घालू नका, तक्रार व्यवस्थापनाविरुद्ध करा.

पाटीपुस्तक
आणि आजच एक करा. आधार, जन्मदाखला, शाळेचं रजिस्टर आणि युडीआयडी या चारही ठिकाणी मुलीच्या नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते बघा. आईचं नाव एका ठिकाणी आणि वडिलांचं दुसऱ्या ठिकाणी मधे आलं असेल तर प्रस्ताव परत येतो. दुरुस्ती चौथीत सोपी असते, दहावीचा फॉर्म भरल्यावर फार त्रासाची.